हाताला लागलेले चेंडू

मार्विन टेश दिवसभर मक्याचं वजन करतो आणि शुक्रवारी संध्याकाळी पोरांचं, असं ड्रेसन गावात म्हणायची पद्धत होती. म्हणणाऱ्याच्या बोलण्यात टोमणा नसायचा. गावाबाहेरच्या धान्यगोदामात ट्रक काट्यावर चढला की काचेआड मार्विनचं टक्कल दिसायचं. तो वजन सांगायचा आणि शेतकरी मान डोलावून ट्रक पुढे घ्यायचा. काटा स्वतः बघायला कुणी खाली उतरत नसे. शुक्रवारी हायस्कूलचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की तोच मार्विन मैदानाच्या कडेला उंचावर असलेल्या लाकडी खोलीत बसून संघाचे आकडे लिहायचा. कोण किती यार्ड पळालं, कुणी किती चेंडू फेकले, त्यातले किती झेलले गेले. सोमवारी दुपारी कॅफेत चिली नावाच्या तिखट रश्श्यात दालचिनीचा रोल बुडवता बुडवता कुणीतरी ते आकडे मोठ्याने वाचायचं, आणि आठवड्याचे वाद तिथेच मिटायचे.

त्याच्या शेजारी त्याची बायको लोर्ना बसायची. मांडीवर चौकड्यांचं ब्लँकेट, गळ्यात दुर्बीण. ती बघायची आणि तो लिहायचा. "सात नंबरने फेकला, चौऱ्याऐंशीकडे. झेलला. सहा यार्ड," असं ती सांगायची आणि मार्विनची पेन्सिल चालायची. मान वर करायला त्याला सवड नसे. एक खेळी लिहून होईतो दुसरी सुरू झालेली असायची. कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं असायचं, 'आकडेवारी : मार्विन टेश'. लोर्नाचं नाव तिथे कधी आलं नाही. तिला त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटत असलं तरी तिने ते बोलून दाखवलं नाही. "मी आपली सोबतीला जाते," असं ती चर्चमधल्या बायकांना सांगायची. मार्विनचीही तीच समजूत होती.

त्या खोलीची एक रीत होती, जुन्या कोचने घालून दिलेली. राज्याच्या नियमपुस्तकात ती नव्हती आणि आसपासच्या गावांत कुणी पाळतही नव्हतं. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा मुलगा. अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड पोरांच्या गर्दीतून त्याने क्षणात ठरवायचं, चेंडू कुणाकडे टाकायचा. त्याने नीट टाकलेला चेंडू समोरच्याच्या हाताला लागून खाली पडला, तर ड्रेसनमध्ये तो चेंडू फेकणाऱ्याच्या नावे चुकलेला धरत नसत. "पोराने पत्र दारात नेऊन टाकलं," जुना कोच म्हणायचा. "घरातल्याने ते उचललं नाही तर त्यात पोस्टमनला काय म्हणून धरायचं?" म्हणून असा चेंडू पडला की लोर्ना म्हणायची, "हाताला लागला." मार्विन त्या खेळीवर एक ठिपका द्यायचा. शेवटी टक्केवारी काढताना ठिपक्याच्या खेळी वगळायच्या. रीत इतकी अंगवळणी पडली होती की दोघांपैकी कुणीही तिच्याबद्दल कधी बोललं नाही.

लोर्ना मार्चमध्ये गेली. बर्फ वितळून अंगणातला चिखल वर आला होता त्या दिवसांत. दुखणं कळलं तेव्हाच उशीर झालेला होता. नवीन दुर्बीण घ्यायची का, असं तिने शरदाच्या शेवटी विचारलं होतं आणि मार्विनने पुढच्या वर्षी बघू म्हटलं होतं.

ऑगस्टमध्ये मैदानावर पुन्हा पांढऱ्या रेघा पडल्या. त्या खोलीतून सामन्याचं निवेदन करणारा व्हर्जिल त्याचा जुना दोस्त. पहिल्या सामन्याच्या आधी माइकची वायर सोडवता सोडवता तो म्हणाला, "मार्व्ह, माझी मेहुणी नदीन बसेल तुझ्या शेजारी. नजर चांगली आहे तिची. बडबडही कमी. म्हणजे, माझ्या बायकोपेक्षा कमी."

"नको."

"एकट्याला जमेल?"

"मी काय आज लिहायला लागलोय?"

"तसं नाही रे..."

"नको म्हटलं ना, व्हर्ज."

व्हर्जिल वायरीकडे वळला. मार्विनने शेजारच्या खुर्चीवर आपला थर्मास ठेवला, म्हणजे तिथे चुकून कुणी बसायला नको. मग चष्मा नीट केला. पेन्सिल घेऊन तो खाली वाकला, वर बघितलं, पुन्हा खाली वाकला. चेंडू फेकला गेल्याचं त्याला दिसायचं. मग तो लिहायला लागायचा. लिहून वर पाहावं तर पंच चेंडू नव्या जागी ठेवत असायचा. चेंडू पुढे सरकला असेल तर झेलला, नसेल तर पडला. एवढं कळायला पुरेसं होतं. सामना संपला तेव्हा सगळी पानं भरलेली होती आणि मार्विनला वाटलं, जमलं की.

सात नंबर म्हणजे मातेओ आर्रियागा. शाळेचं शेवटचं वर्ष. त्याची आई शेजारच्या हॉलिस गावातल्या मांसाच्या कारखान्यात दिवसपाळीला होती. पोरगं लहानपणी इथे आलं, मक्याच्या शेताकाठच्या ट्रेलरांच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, वस्तीत वाढलं, आणि दहावीत पहिल्यांदा चेंडू हातात घेतला तेव्हा कॅफेतले म्हातारे चमचे खाली ठेवून त्याच्याबद्दल बोलायला लागले. राज्याच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या कॉलेजचा कोच त्याच्यावर लक्ष ठेवून होता. ऑक्टोबरअखेर येतो, म्हणाला होता. पोरगं मैदानावर दिसलं आणि बरं खेळलं, तर शिकण्याची सोय होणार होती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मातेओला तर दुसरं काही सुचतच नव्हतं.

पण संघ हरत होता. एका मंगळवारी नवा कोच स्टुबे धान्यगोदामात आला. तरुण माणूस, यंदाच आलेला. टोपी काढून तो काट्याच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"मार्विन, जरा अडचण आहे. न्हाव्याकडे गेलो तर तो अर्ध्यात कात्री थांबवून विचारतो, शुक्रवारी कोण, मातेओ की टॅनर? अर्धे केस कापलेले, मी काय उत्तर देऊ?"

"उरलेले कापून घ्यायचे आधी."

स्टुबे हसला, पण लगेच गंभीर झाला. टॅनर व्होन्द्रा दोन वर्षांनी लहान होता. सामन्यांच्या उत्तरार्धात त्याला थोडं थोडं खेळवून पाहिलं होतं.

"मला मनाच्या ओढीवर ठरवायचं नाही," स्टुबे म्हणाला. "इथे प्रत्येकाच्या मनात कुणीतरी आहेच. मला तुमचे आकडे हवेत. मातेओचे मागच्या वर्षीचे आणि या वर्षीचे, शेजारी टॅनरचे. सरळ समोरासमोर. मग कुणी मला बोल लावू शकणार नाही."

मार्विनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही वर्षांची पानं मांडली आणि बेरजा केल्या. मागच्या वर्षी मातेओ शंभरात चौसष्ट. या वर्षी शंभरात एकोणपन्नास. टॅनर सत्तावन्न. त्याने खोडून पुन्हा बेरीज केली. मग टॅनरची केली, जास्त बारकाईने, कुठे काही जास्तीचं पडलंय का ते शोधत. आकडे जागचे हलले नाहीत. त्याला वाईट वाटलं. लोर्नाचा जीव होता या पोरावर. सामना संपला की ती जिना उतरून कुंपणापाशी जायची आणि त्याच्याशी काहीतरी बोलायची. मार्विन वर पानं आवरत असायचा. काय बोलते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

स्टुबेने आकडे बघितले आणि ओठ आवळले.

"पंधराने घसरलाय. हातातच काहीतरी बिघडलंय त्याच्या."

"पोरगा चांगला आहे, कोच."

"चांगला आहेच. पण हे तुमचे आकडे आहेत, मार्विन. दुसऱ्या कुणाचे असते तर मी पुन्हा विचार केला असता."

आपल्या आकड्यांवर कुणी शंका घेतली नाही याचा मार्विनला आयुष्यभर अभिमान वाटत आला होता. त्या दिवशी मात्र, कुणीतरी घ्यावी, असं त्याला क्षणभर वाटून गेलं.

त्या शुक्रवारी टॅनर खेळला आणि संघ थोडक्यात जिंकला. मातेओ कडेला उभा होता, शिरस्त्राण काखेत धरून, आणि टॅनर आत आला की त्याच्या पाठीवर थाप मारत होता. पुढच्या शुक्रवारीही तसंच. त्यानंतरच्या आठवड्यात त्याने खांद्यांची पॅडं धुऊन, वाळवून कोचच्या खोलीबाहेर नीट रचून ठेवली आणि संघ सोडला. मार्विनला हे कॅफेत कळलं. "शहाणा पोरगा आहे," कुणीतरी म्हणालं. "आकड्यांशी कोण भांडणार?" मार्विनने रोल अर्धाच ठेवला.

मक्याची कापणी जोरात होती. गोदामाबाहेर ट्रकांची रांग लागलेली, हवेत कोंडा उडत होता. ड्वेन कुचेरा आपला लाल ट्रक काट्यावर घेऊन आला आणि खिडकीतून ओरडला, "काय म्हाताऱ्या, काट्याला सकाळी न्याहारी दिली नाहीस का? माझा ट्रक हलका दाखवतोय!"

"मका भिजवून आणला असतास तर भारी दाखवला असता."

"ते मागच्या वर्षी करून बघितलं. पकडलंस तू." ड्वेन खाली उतरला आणि दारात टेकून उभा राहिला. त्याचा मुलगा क्लिंट चौऱ्याऐंशी नंबर, लांब पळून चेंडू झेलणारा. "रविवारी क्लिंटला कोठारात नेलं आणि अंडी झेलायला लावली. बायको जाम चिडली. पण करू काय? पोराच्या हाताला लोणी चोपडल्यासारखं आहे. तो मातेओ बिचारा, बरोब्बर याच्या छातीवर चेंडू आणून द्यायचा आणि आमचे राजे गरम बटाट्यासारखा टाकून द्यायचे."

"टाकायचा म्हणजे?"

"टाकायचा म्हणजे सोडायचा! लागायचा हाताला आणि खाली. मी स्टँडमध्ये तोंड लपवून बसायचो. आता टॅनर जवळ जवळ टाकतो, अलगद, म्हणून सुटत नाही. मातेओचा चेंडू येतो तोच सणसणत." ड्वेनने मानेवरचा कोंडा झटकला. "तू तर वरच बसतोस की. तुला काय सांगायचं?"

"या वर्षी?"

"या वर्षी, मागच्या वर्षी. माझ्या पोराने काही नवीन धंदा सुरू केलेला नाही, मार्व्ह. काय झालं? बस जरा. चेहरा पांढरा पडलाय तुझा."

मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. मार्विनने वजन सांगितलं, बरोबर सांगितलं, आणि ड्वेन ट्रक घेऊन गेला. मग त्याने रांगेतल्या माणसाला हातानेच थांब म्हटलं.

या वर्षी त्याने एकही ठिपका दिला नव्हता. तो विसरला नव्हता. ठिपका द्यायचा असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ठिपका त्याने कधी डोळ्यांनी दिलाच नव्हता. तो कानांनी देत आला होता. 'हाताला लागला' असं ऐकू आलं की पेन्सिल आपोआप टेकायची. या वर्षी त्याचे कान वाट बघत राहिले, आणि आपण वाट बघतोय हे त्यांनी त्याला सांगितलंच नाही. मागच्या वर्षीच्या मातेओला लोर्नाने पाहिलं होतं. या वर्षीच्या मातेओला कुणीच पाहिलं नव्हतं. आणि या दोन पोरांना समोरासमोर ठेवून त्याने आपल्या हाताने बेरीज केली होती.

तो तसाच शाळेत गेला, कामाचे कपडे न बदलता. स्टुबेने ऐकून घेतलं. मध्येच उठून त्याने खोलीचं दार लावलं.

"पण मी सामन्यांच्या टेप बघतो की," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "खरं म्हणजे मी फक्त पुढची फळी बघतो. कोण कुणाला अडवतो ते. चेंडू हवेत गेला की मी टेप मागे घेतो. चेंडूचं तुमच्या पानांवर असतंच, म्हणून."

दोघांनी टीव्हीसमोर खुर्च्या ओढल्या. कॅमेरा निवेदकाच्या खोलीच्याच खिडकीत लावलेला असायचा, म्हणून चित्रासोबत व्हर्जिलचं खाकरणं ऐकू येत होतं, आणि वारा. या वेळी त्यांनी टेप मागे घेतली नाही. चेंडू हवेत जायचा, गिरकी घेत खाली यायचा, आणि क्लिंटच्या, कधी दुसऱ्या कुणाच्या, उघड्या पंजांना लागून गवतावर पडायचा. स्टुबे कागदावर रेघ मारायचा. पुन्हा तेच. पुन्हा रेघ. मार्विन पहिल्यांदाच हे सगळे चेंडू खाली येताना बघत होता. किती सुंदर फेकतो हा पोरगा, हे त्याला या वयात, या छोट्या पडद्यावर कळत होतं.

"खात्री करून घेऊ," स्टुबे म्हणाला आणि त्याने मागच्या वर्षीची एक टेप आत सरकवली.

पडद्यावर तेच मैदान, तोच सात नंबर. चेंडू गेला, खाली आला, पंजांना लागून पडला. आणि टीव्हीतून लोर्ना म्हणाली, "हाताला लागला." मग, जरा खालच्या आवाजात, "अरे क्लिंट, बाळा."

स्टुबेचा हात आवाज कमी करायच्या बटणाकडे गेला.

"राहू द्या," मार्विन म्हणाला.

टेप संपेपर्यंत ते बसून राहिले. ती नंबर सांगत होती, यार्ड सांगत होती. मध्ये एकदा 'कॉफी देऊ का?' म्हणाली आणि त्यावर मार्विनचाच आवाज आला, 'आत्ता नको, लिहू दे.' स्टुबे जमिनीकडे बघत होता. शाळेची घंटा झाली, बाहेर पोरांचा गलका उठला आणि शांत झाला. मार्विनचे हात मांडीवर होते. ते त्याने हलवले नाहीत.

मग स्टुबेने रेघा मोजल्या आणि रीतीप्रमाणे टक्केवारी काढली. टॅनर सत्तावन्नवरून एकोणसाठवर आला होता. मातेओ त्रेसष्टवर.

"म्हणजे पोरगा होता तसाच होता," स्टुबे म्हणाला. "मीच जातो त्याच्याकडे. पॅडं अजून इथेच आहेत. शुक्रवारी त्याला उतरवतो."

"नको, मी जातो. आकडे माझे होते."

मातेओला सप्टेंबरात अठरा वर्षं पूर्ण झाली होती. संघ सोडल्यावर शाळेतून अर्ध्या दिवसाने सुटून तो हॉलिसच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला जाऊ लागला होता. मार्विनने आपली जुनी पिकअप कारखान्याच्या फाटकापाशी उभी केली. वाफ, ब्लीच आणि रक्ताचा मिसळलेला वास. पाळी बदलायची वेळ जवळ आली होती. पोरगं भिंतीला टेकून आपले गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट चढवत होतं.

"मिस्टर टेश? तुम्ही इथे?"

मार्विनने सगळं सांगितलं. त्याला लांबण लावून बोलता येत नसे, म्हणून ते लवकरच संपलं. ठिपका काय असतो, तो कुणामुळे पडायचा, या वर्षी का पडला नाही. टेपमध्ये काय दिसलं.

मातेओने एक बूट चढवता चढवता सोडून दिला.

"मला वाटलं, तुम्हाला वरून दिसलं असेल," तो म्हणाला. "तुमचं चुकत नाही असं सगळे म्हणतात."

"तुला स्वतःला नाही वाटलं? की मी बरोबर फेकतोय म्हणून?"

"मला कुठे दिसतं? फेकला की दोघं तिघं अंगावर. तोंडात गवत. लोकांच्या आवाजावरून कळतं, पडला की झेलला. कसा पडला ते नाही कळत." त्याने वर पाहिलं. "मग मिसेस टेश खाली कुंपणापाशी यायच्या ना. म्हणायच्या, तो तिसरा, डावीकडचा, तो त्याच्या हातात होता, तुझा दोष नव्हता तो. घरी जा, नीट जेव. दर सामन्याला. या वर्षी कुणी काही बोललंच नाही. मला वाटलं, बोलण्यासारखं नसेल काही."

मार्विनने पिकअपच्या दाराला धरलं. पत्रा गार होता.

"कोच म्हणालेत, शुक्रवारी तू खेळायचंस."

मातेओने मान हलवली, नाही म्हणून. रागाने नव्हे.

"कोच म्हणाले होते, हातात काहीतरी बिघडलंय. म्हणून मी शोधत बसलो, काय बिघडलंय ते. ट्रेलरमागे टायर टांगला. आधी कोपर खाली आणून बघितलं. मग पाऊल बदललं. मग बोटं. रोज काहीतरी बदलायचो." त्याने रिकामा हात कानाशी नेला, फेकणार असल्यासारखा. मध्येच थांबला, कोपराकडे बघितलं, आणि हात खाली सोडला. "आधी कसं फेकत होतो ते आता आठवत नाही, मिस्टर टेश. खरंच नाही आठवत. परवा भावाला टाकून दाखवला तर तो हसायला लागला."

"येईल परत. हात आहे तोच आहे."

"येईल कदाचित. शुक्रवारपर्यंत नाही येणार."

"आणि ते कॉलेजचे कोच?"

"फोन आला होता त्यांचा. चांगले बोलले. दुसरा मुलगा मिळाला म्हणाले."

भोंगा वाजला. भिंतीला टेकलेली माणसं सिगारेटी विझवून आत जाऊ लागली. कुणीतरी स्पॅनिशमध्ये मातेओला हाक मारून काहीतरी चिडवलं, आणि त्याने पण लगेच तोंडावर उत्तर फेकलं. तेवढ्यापुरता तो अठराचा दिसला. मग त्याने केसांवर जाळी चढवली.

"किती आले म्हणालात? खरे?"

"त्रेसष्ट."

"मागच्या वर्षी चौसष्ट होते."

"हो. जवळजवळ तेवढेच."

त्याने मान डोलावली. दोन पावलं गेला आणि वळला. "माझ्या आईला सांगाल? आत्ता सुटेल ती. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी उगाच सांगतोय."

मार्विनला हो म्हणावंच लागलं. पोरगं आत गेलं. दुसऱ्या दारातून दिवसपाळीच्या बायका बाहेर येऊ लागल्या, हात चोळत, मनगटं झटकत, एकमेकींना हाका मारत. त्यातली एक बुटकी, करड्या वेणीची बाई मैदानाच्या स्टँडमध्ये खालच्या पायरीवर बसलेली त्याने कितीतरी वेळा पाहिली असणार, आणि तरीही तिचं नाव ऑरेलिया आहे एवढंच त्याला ठाऊक होतं. तो पिकअपपासून पुढे आला आणि त्याने टोपी काढली.

"मिसेस आर्रियागा. मी मार्विन टेश. शाळेचे आकडे मी लिहितो."

"माहीत आहे." तिच्यासोबतच्या बायका गाडीपाशी थांबल्या.

"मातेओबद्दल मी लिहिलं होतं, ते चुकीचं होतं. त्याचा हात चांगला आहे. आधी होता तसाच होता, सगळं वर्ष. चूक माझी होती. हे तुम्हाला सांगावं म्हणून..."

ऑरेलियाने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिची बोटं थंडीने आणि दिवसभराच्या सुरीने आखडलेली होती; त्यांना ती एकेक करून सरळ करत होती. तिने इंग्रजी शब्द शोधले, सावकाश, एकामागून एक.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी रोज ट्रेलरच्या खिडकीतून त्याला फेकताना बघत होते. मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याला होती."

गाडीतून कुणीतरी तिला हाक मारली. तिने हात वर करून आले म्हटलं, तरी क्षणभर तशीच उभी राहिली, जणू या माणसाला असंच सोडून जावं की नाही हे ठरवत होती.

"तुमची बायको," ती म्हणाली, "चांगली बाई होती."

मग ती गेली. गाडी वळून मोठ्या रस्त्याला लागली. फाटक बंद झालं आणि आतून यंत्रांचा आवाज सुरू झाला. मार्विन टोपी हातात धरून उभा होता. आत, त्या आवाजात कुठेतरी, पोराची पाळी सुरू झाली होती.